न पेणाऱ्याची चाबी

नाई, मले एक सांगा... ज्या माणसानं जन्मात दारूचा थेंब तोंडाले लावला नाई, त्याच्या गाडीची चाबी हिसकाची, अन् तेबी भर मंडईच्या दिवशी, साऱ्या पावण्याइसमोर, सासूनं! आता इज्जत कुठी ठेवाची माणसानं? अरे, मी तं पेतच नाई ना भाऊ!

तुमाले सांगतो, हेच माहं दुखणं हाये. हेमराज पेत नाई, हे साऱ्या तालुक्याले मालूम. म्हून कोणाचं लग्न, बलाव हेमराजले. होळी, बलाव हेमराजले. सारे मांगं टाईट होऊन गाणे म्हणते, अन् मी एकटा समोर स्टेरिंग धरून, कोरडा!

तं यंदा दिवाळी झाली अन् सासुरवाडीची मंडई आली. मंडई म्हंजे भाजीबाजार नोका समजू, दिवाळीनंतरची गावची जत्रा, रातभर नाटक! आमच्या झाडीपट्टीत मंडईले जवाई गेलाच पाह्यजे. नाई गेला तं बायको बोलत नाई... अन् बोलली तं त्याच्याहून वाईट! म्हून बायको रंजीता अन् लेक चंचल, दोघीइले गाडीत घेऊन निंगालो. एकच गोष्ट, मले सर्दी झाल्ती. नाक असं वाहून राह्यलं होतं का काय सांगू!

पोचलो. सासरे मुखरूभाऊनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् गिलास पुढं केला. म्हणलं, मामाजी, मी पेत नाई. झालं! बुढ्याचं तोंडच उतरलं. "जवाईबापू, मंडईच्या दिवशी माह्या घरून सुके जान काय? लोक मले काय म्हणन?" तेवढ्यात मले आली शिंक. बुढ्याचे डोळे असे चमकले! फळीवरून सर्दीची गोळी काढली, म्हणे, "हे तं घ्याच लागन!" आता मानाची गोळी, नाई कसं म्हणाचं? घेतली.

बाजूच्याच घरी साळा, आदेश. त्याचा निराळाच राग, "बापाच्या घरचं घेतलं, अन् माह्या घरचं नाई?" त्यानं खोकल्याचं औषध देल्लं, अन् चमच्यानं नाई, गिलासानं! म्हणलं, बापा, मले खोकला नाई. "होईन ना भाऊजी!" मंग समोरचे अयूबभाई टेलर, सासऱ्याचे जुने दोस्त. "क्या दामादजी, हमारे घर से ऐसेच जाओगे?" अन् तेच गोळी, वरून गरम चाय! आता त्या पाकिटावर लिवून असते म्हणे का झोप येते, गाडी चालवू नोका. पण मंडईत पाकीट कोण वाचते? बाटलीवरचं कोणी वाचते काय?

दुपारी सासरा म्हणे, जवाईबापू, पावण्याइले वडस्याच्या रेल्वेवर सोडून द्या. घरात धड उभा राहीन असा माणूस कोण? मीच! मी तं पेतच नाई ना भाऊ!

पावणे मांगं बसले, सासू शकुबाई माह्या बाजूले. चाबी फिरवली, पाहतो तं समोर आंगणात म्हैस बसून. भोंगा देल्ला. उठेच ना! अजून देल्ला. सासू म्हंते, "जवाईबापू, कोणाले भोंगा देऊन राह्यले?"

"त्या म्हशीले, मामीजी."

"कोणत्या म्हशीले?"

"ते काय समोर! पाहा ना, कशी मलेच पाहून राह्यली!"

मांगचे पावणे खो खो हासले. सासू हासली नाई. मले वाटलं, हळूच बंपर लावतो, उठन आपोआप. गेर टाकला... अन् त्या बाईनं सपकन चाबी काढली! गाडी जाग्यावर बंद. असा राग आला मले! "मामीजी, मी तं पेतच नाई!" असा वरडलो का दोन घरं पलीकडं आयकू गेलं असन.

तेवढ्यात म्हैस हालली. म्हैस कायची भाऊ, धानाच्या तणसीचा ढीग होता तो! अन् त्याच्यातून माही चंचल बाहीर आली. केसात तणीस, हासून राह्यली. लपाछपी खेळत होती. म्हंते, "बाबा, तुमी भोंगा काऊन वाजवून राह्यले? माहा डाव फुटला ना!"

...त्याच ढिगाले मी बंपर लावाले निंगालो होतो ना भाऊ! कसातरी उतरलो, लेकीले पोटाशी धरलं अन् रडलो. हमसून हमसून रडलो, अन् सारे पेलेले मले समजावून राह्यले!

पावण्याइची गाडी हुकली. मले खाटेवर टाकलं, तं रातचं नाटक कधी झालं, कधी संपलं, काई पत्ता नाई. चाबी सासूच्या पदराले बांधून.

अन् तवापासून तिनं कायदाच केला. तिच्या आंगणातून गाडी काढाची असन तं बाकीच्याइले म्हंते, "फुंकून दाखवा." अन् मले म्हंते, "जवाईबापू, शिंकून दाखवा." शिंक आली म्हंजे गोळी घेतली नाई, मंगच चाबी! म्हणलं, मामीजी, सर्दीच नसन तं? म्हंते, "तं पैदल जा."

आता काय कराचं, सांगा तुमीच. ज्या माणसाले दारू नाई, तंबाखूचा खर्रा नाई, साधी सुपारी नाई... तो आता सासुरवाडीले जातानी खिशात तपकिरीची डबी घेऊन जाते!