एका शब्दासाठी अडून बसलेल्या नसरीन मॅडम

मंडळी, इकबालचाचा, मॅडमच्या दोन्ही लेकी. गारगोटीहून पहिली एस.टी. धरून आलेलेही समोर दिसतायत. मॅडमना निरोप देताना बोलणं अवघड आहे. पण मॅडमना अर्धवट वाक्य खपायचं नाही, म्हणून बोलते.

मी सुजाता. कळंब्यातल्या त्यांच्या जपानीच्या वर्गातली विद्यार्थिनी, पुढं त्यांच्याच टेबलाला बसून भाषांतर करणारी.

एका फाउंड्रीत एक म्हातारे जपानी इंजिनिअर येऊन राहिले होते. जाताना त्यांनी कामगारांसाठी छोटं पुस्तक लिहिलं. मालकांना परदेशी गिऱ्हाइकांसाठी ते इंग्रजीतही हवं होतं, ते काम मॅडमकडं आलं. मॅडम पहिल्याच पानावर थांबल्या. शब्द होता ‘मोत्ताइनाई’.

मालक म्हणाले, ‘डोन्ट वेस्ट’ लिहा आणि पुढं चला. मी पण तेच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, तो हुकूम झाला. हा हुकूम नाही, ही हळहळ आहे.

आणि त्या मला घेऊन थेट फाउंड्रीत गेल्या. तिथं साचे करणारे गणपतमामा एक लाकडी साचा हातात घेऊन बसले होते. कुणीतरी तो पावसात टाकला होता, फुगून तडकला होता. मॅडमनी विचारलं, काय वाटतंय मामा? मामा सावकाश म्हणाले,

“अजून धा वर्सं चालला असता ह्यो. आपणच त्येचं आयुष्य खाल्लं. जिवाला लागतंय बघा.”

मॅडमनी तिथंच वही काढली. इंग्रजीत एक अख्खं वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा: या वस्तूचं काम संपायच्या आत आपण तिला टाकलं, याची मला लाज वाटते.

मालक चिडले. एका शब्दाला एवढं लांबडं? दुसऱ्याकडून करून घेतो म्हणाले. मॅडमनी सगळी पानं टेबलावर ठेवली आणि घरी आल्या. आवाज चढवला नाही. पण हटल्या का? नाही हटल्या.

आठवड्यानं जपानहून फोन आला. मालकांनी ती पानं लेखकाला दाखवली होती. म्हाताऱ्यानं ते वाक्य मॅडमकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, हेच ठेवा. ते वाक्य आज पुस्तकात आहे. शेजारी मूळ शब्दही आहे, तसाच.

मंडळी, सकाळी दारात कुणीतरी म्हणालं, एवढी विद्या वाया गेली. राग नाही, पण मला हे मान्य नाही. मॅडमनी शिकवलेल्या आम्ही अकराजणी इथं बसलोय. शेवटी दवाखान्यात त्यांनी अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या पुस्तकाची पानं माझ्या हातात दिली, आणि एवढंच म्हणाल्या, “घाई करू नकोस. पण सोडू नकोस.”

घाई करणार नाही मॅडम. सोडणार तर नाहीच. सोमवारी वर्ग नेहमीच्या वेळेला उघडेल. फळा मी पुसेन.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. ज्याला जी प्रार्थना येते, ती मनात म्हणा.

मॅडम, सलाम.