बाबागाडी पुढे, आई मागे

(बर्नो शहर. ट्राम नुकतीच थांब्यावरून सुटलेली. राडका आणि तिची सासू व्लास्ता.)

व्लास्ता : अगं, धावू नकोस. रुळांत पाय अडकेल. इकडे ये आधी.

राडका : माझा ओंद्रा आत आहे, आई. बाबागाडी आत आणि मी बाहेर.

व्लास्ता : दिसतंय मला. थांब्यावरच्या त्या माणसाला पुढची चाकं धर म्हटलं, तर पठ्ठ्याने अख्खी बाबागाडी एकट्यानेच वर नेली.

राडका : पुढून कुणीतरी उचलायचं, मागचा दांडा आईने. सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी सोडलाच कसा?

व्लास्ता : माझा डबा पडला म्हणून.

राडका : हो, तुमच्या बुख्त्यांचा डबा. पोर सोडून मी ते गोड पाव गोळा करत बसले.

व्लास्ता : उचल म्हणाले होते का मी?

राडका : नसता उचलला, तर घरी ऐकावं लागलं असतं.

व्लास्ता : ऐकलं असतंस. फोन लाव नवऱ्याला.

राडका : फोन बाबागाडीत. तुमचा?

व्लास्ता : घरी, चार्जिंगला. आता रडू नकोस. मागे कुणी राहिलं तर लोक पुढच्या थांब्यावर उतरून वाट बघतात.

राडका : नाहीतर समोरून येणाऱ्या ट्रामने परत आणतात. हा त्यातला कुठला, मला काय माहीत?

व्लास्ता : ही मागची ट्राम आली. तू जा पुढे. मी समोरच्या थांब्यावर उभी राहते. परत आणलं तर मी घेईन.

राडका : तुम्ही? एकट्या?

व्लास्ता : नाही, बँड बोलावते. सहा महिन्यांत एकदा तरी एकटीकडे दिलंस का त्याला?

राडका : तुमचा गुडघा मध्येच लचकतो. आणि तो रडायला लागला की...

व्लास्ता : चढ.

*

चालक : बाई, चालकाशी बोलू नये असं तिथे लिहिलंय.

राडका : दादा, पुढच्या ट्राममध्ये माझं बाळ आहे.

चालक : एकटं?

राडका : ज्याने चढवलं त्या माणसाबरोबर. मी खालीच राहिले.

चालक : थांबा, रेडिओवर कंट्रोलला विचारतो. ...हं. पुढच्या थांब्यावर उतरवलंय त्याने.

राडका : म्हणजे आहे तिथे.

चालक : होता. परतीची ट्राम समोरच उभी होती, तीत चढला. तुम्हाला शोधायला निघालाय. भला माणूस.

राडका : ती बघा, समोरून आली. मागच्या खिडकीत निळी बाबागाडी. दार उघडा.

चालक : दोन थांब्यांच्या मध्ये? बाहेर मोटारी धावतायत.

राडका : मी उडी मारते.

चालक : मग पोराला कोण बघणार? मागे थांब्यावर कुणी आहे का तुमचं?

राडका : सासूबाई.

चालक : मग काळजी कशाला? धरा ती दांडी.

राडका : तुम्हाला नाही कळायचं.

चालक : थांबा, कंट्रोलवाले पुन्हा बोलतायत. ...हं. हं. बाई, ट्राम पोचली तिथे. पण तो माणूस बाळ देत नाहीये.

राडका : का?

चालक : म्हणतो, आई मी पाहिलीय, तरुण होती. ही म्हातारी कोण कुठली. ट्राम खोळंबलीय, आणि सासूबाई त्याला फैलावर घेतायत.

राडका : घेणारच. पण बरोबर करतोय तो.

चालक : बरोबरच. फक्त तुमच्या तोंडून हवंय त्याला. काय सांगू?

राडका : बाळ रडतंय का?

चालक : रेडिओत मागून आवाज येतोय खरा.

राडका : ...सांगा, आजी आहे त्याची. तिच्या हातात द्या.