पालखीचा पुढचा खांदा

धारच्या इस्पितळाच्या ओसरीवर रांगेत माझ्यापुढे मामा-भाचे उभे होते. मामांच्या पायाचं पलस्तर नुकतंच निघालं होतं.

"डागदर काय म्हणाले, गणोजीमामा?"

"हाड जुळलं. आता पायावर पुरं वजन टाका म्हणाले. म्हणजे दसऱ्याला देवीच्या पालखीचा पुढचा दांडा माझाच."

"यंदा राहू द्या, मामा."

"का म्हणून? संस्थान विलीन झालं, पण देवी कुठे गेली? तिला कोणीतरी उचलणारच ना?"

"उचलतील. पण तुमचा पाय आखूड जुळलाय."

"कोण म्हणतं?"

"भोयांचे खांदे एका उंचीचे लागतात, नाहीतर पालखी कलते. तुम्हीच शिकवलंत मला."

"ये इकडे, मारुती. माझ्या खांद्याला खांदा लाव."

"लावला."

"आहे का रत्तीभर फरक?"

"नाही."

"मग सांग सगळ्यांना, गणोजी येतोय."

"सांगतो. आधी टाच टेकवा, मामा."

"टेकवतो की."

"टेकवा ना. वजन पडू द्या तिच्यावर."

"तू खांद्याकडे बघ रे. खाली कशाला बघतोस?"