वारं असून थांबलेला पंखा

मिरजेच्या दवाखान्यात, हाताचं प्लास्टर काढायच्या रांगेत, माझ्यापुढं मायलेक बसले होते.

"अमृत, आता माळावरच्या पवनचक्कीवर चढायचं काम सोड."

"आये, हात मोडला तो शेरडांना बाभळीच्या शेंगा पाडताना. पंख्यावर कमरंला पट्टा असतोय."

"एवढं काय हाय रं वर?"

"काय न्हाई. वारं लय झोंबतंय, बोटं बधिर हुत्यात. पर बोल्ट आवळून खाली आलो आन् पंखा फिराय लागला, की भाकरी गोड लागती."

"ठावं हाय मला."

"तुला कसं?"

"वारं असून पंखा थांबला, की तू वर हाईस हे अंगणातनं कळतंय. तो फिरल्याबिगर मी तव्यावर भाकरी टाकत न्हाई."