वळणावरचा तांबडा दगड

हॅलो?… कोण, रचना?… बोल गं. आत्ताच घरी आले ऑफिसातून, चहा ठेवलाय…

हो, कापला ना रस्ता. मशीन लावून दोन्हीकडचे तुकडे काढले. शाळेसमोरचा मी करून घेतलेला पट्टा आणि पुढे चौलच्या वळणावरचा तुझ्या नवऱ्याच्या ठेक्यातला… हो, तपासायचं काम माझ्याकडेच आलं. मी मागून घेतलं.

अगं ऐक ना… पावसाचा काय संबंध? पाऊस दोन्हीकडे तोच पडला. खडीचे डंपरही तेच गेले. माझ्याकडे साधी चीर नाही आणि वळणावर गुडघाभर खड्डे. असं का?…

मग मी सांगते. माझ्या पट्ट्यात स्लॅग आहे. पोलादाच्या भट्टीतून टाकाऊ म्हणून निघते ना, ती खडी. आणि सोबत इथलाच काळा दगड. अख्ख्या रस्त्याला तेच घालायचं ठरलं होतं. परेश भावजींनी स्लॅग आणलीच नाही. मागच्या टेकडीचा कुजका तांबडा दगड भरला. डांबर पितो आणि पावसात सोडून देतो… अंदाज कसला? चिमटीत धरला तर भुगा झाला.

आणि गावभर काय सांगितलं? सुचिताने कारखान्याचा कचरा घातला म्हणून रस्ता गेला. पोरंसोरं कचरेवाली म्हणायची मला. साइटवरून काढलं, ऑफिसात टेबलाशी बसवलं… हो, तूही गप्प होतीस… असू दे. मावशीची पोर तू, तुला काही म्हणत नाही.

शपथ नको घालूस… अण्णांची तर नकोच. माझा बाप त्याच वळणावर गेला, रचना. रिक्षाचं चाक त्याच खड्ड्यात बसलं…

शेजारीच बसलेत? मग तू कशाला मधे? दे त्यांना.

हां, बोला भावजी… म्हणजे रिपोर्टात ‘पाणी मुरलं’ असं लिहू?… हं… हं…

एक विचारते. अण्णांच्या तेराव्याला पंगतीत बसून तुम्ही काय म्हणालात?… नाही आठवत? ‘पोरीच्या कचऱ्याने बाप खाल्ला.’ माझी आये वाढत होती तेव्हा. भाताचं पातेलं तसंच हातात राहिलं तिच्या. त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. मलाच वाटायला लागलं होतं, आपलंच काही चुकलं का…

मस्करी? तेराव्याला?

मला नको माफी. आयेला सांगा. वळणावर काय भरलं होतं ते, तुमच्या तोंडाने… पुढचं पुढे बघू, आधी सांगा तर. थांबा. आये, हिकडं ये जरा. परेश भावजी हायत फोनवर. धर कानाला…

…

हं, मीच आहे. ऐकलं तिने… फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली…

रिपोर्ट? तो गेला. घरी यायला निघाले त्याआधीच पाठवला. तांबड्या दगडाचे फोटोही आहेत सोबत… मी कुठे म्हटलं सोडते म्हणून? आयेला सांगा एवढंच म्हटलं… द्या शिव्या, द्या. ऐकतेय मी. बरं वाटतंय ऐकायला… झालं? आता रचनाला द्या.

रचना, रडू नको… नाही गं, आता माझ्या हातात काही नाही. आणि असतं तरी मी फिरवलं नसतं. खोटं कशाला बोलू?… तुला माझं घर कधीही उघडं आहे. पोरांना घेऊन ये. त्यांना नाही.

काय?… थांब जरा. आतून आवाज येतोय…

आये बोलावतेय. चहा उतू गेला म्हणते, आणि मी जेवले का विचारतेय… हो गं, मलाच विचारतेय… नाही, आता नाही बोलत. ठेवते.