रिकाम्या विमानातली प्रशिक्षणार्थी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मंत्रिमहोदय. आजचे सत्कारमूर्ती, आपले मोठे साहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बाईसाहेब. व्यासपीठावरचे संचालक, ज्यांची नावं निवेदिकेनं दोनदा घेतली म्हणून मी तिसऱ्यांदा घेत नाही. पुढच्या रांगांमधले पाहुणे आणि साहेबांचे आप्तेष्ट. आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी, ज्यांच्यासाठी खुर्च्या कमी पडल्या. सर्वांना माझा नमस्कार.

साहेबांच्या निरोपाला कर्मचाऱ्यांतर्फे दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. का, तर मी सगळ्यांत जुनी. मी लागले तेव्हा आम्हाला हवाई सुंदरी म्हणायचे. आता हवा तेवढी राहिली. सुंदरीला गुडघ्यांचे पट्टे लागतात आणि दोन महिन्यांनी तीही घरी बसणार आहे. निवेदिकाबाईंनी मला सांगितलं, "ताई, पाच मिनिटं, आणि गोड बोला." गोड बोलण्याचाच पगार घेतला मी आयुष्यभर. कॉफी अंगावर फेकणाऱ्या माणसालासुद्धा "सर, अजून देऊ का" म्हटलंय. त्यामुळे काळजी नसावी.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. काय ती भाषा! कोणी लिहिलं हो? साथीच्या वादळात साहेबांनी कंपनीचं विमान एकट्यानं पैलतीरी नेलं म्हणे. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा त्याच विमानात होते आणि साहेब काही मला दिसले नाहीत. पुढे म्हटलंय, त्या काळात कंपनीनं एकालाही वाऱ्यावर सोडलं नाही. टाळ्याही झाल्या. पुढून जोरात, मागून जरा कमी. मागच्यांचे हात थंडीनं आखडले असतील.

आता वाऱ्यावर कोणाला सोडलं, ते साहेबांच्या निरोपाच्या दिवशी काढू नये. पण सोमवारी आमच्या कॅप्टनकाकांची शेवटची चौकशी आहे. त्यात त्यांची नोकरी जाणार, उडण्याचा परवाना जाणार आणि तीस वर्षांच्या कारकिर्दीवर 'बेशिस्त' असा शिक्का बसणार. आजच्या निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव नाही. विसरलं असेल. कामाच्या गडबडीत माणूस विसरतो. म्हणून मी आठवण करून देते, एवढंच.

मंत्रिमहोदय, तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे. साथ आली, सीमा बंद झाल्या, विमानं मैदानात ओळीनं उभी राहिली. कंपनी म्हणाली, आम्ही बुडतो. तुम्ही म्हणालात, छे छे, आम्ही आहोत ना. आणि सरकारी तिजोरी उघडलीत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुमच्याइतका उदार हात मी पाहिला नाही. लोकांनी कर भरला, तुम्ही दिलात, साहेबांनी घेतला, आणि आज तुम्ही दोघं एकमेकांना हार घालताय. कर भरणारा कुठे आहे? तो बहुतेक बाहेर गाड्या लावतोय.

असो. मदतीला तुम्ही एक अट घातलीत. मदत हवी तर मार्ग चालू दिसले पाहिजेत. आणि तुमच्याच दुसऱ्या खात्यानं हुकूम काढला, की सीमेपलीकडून एकही प्रवासी येता कामा नये. झालं! मग आम्ही काय करायचो? आठवड्यातून दोनदा शेजारच्या देशात रिकामं विमान न्यायचो आणि रिकामं परत आणायचो. कधी सीटांवर खोकी बांधलेली असायची. खोकी असली की आगीवर लक्ष ठेवायला आम्ही दोघी लागायचो, मी आणि आमची धाकटी, जिला सगळे चिमणी म्हणायचे. एकदा खोक्यांवरचं वाचलं. कुत्र्यांचं खाणं होतं, चांगल्यातलं. खिडकीच्या सीटवर पट्टा बांधून बसलं होतं. खाली विमानतळाच्या कुंपणाला हात लावून माणसं उभी असायची. आपली माणसं, परतीचं तिकीट खिशात असलेली. आम्ही त्यांच्यासमोर दार लावायचो आणि उडायचो. लाज वाटायची हो. विमानात बसून तोंड लपवायची सवय नव्हती मला, ती लागली.

आमच्या बसवाल्या भाऊंना तुम्ही ओळखत नसाल, साहेब. विमानापासून इमारतीपर्यंत कर्मचाऱ्यांची बस चालवतात. ते काय, दाराजवळ उभे आहेत. भाऊ, मान खाली घालू नका, तुम्ही काही केलेलं नाही. यांच्या बायकोचे वडील पलीकडे वारले म्हणून वहिनी दोन दिवसांसाठी गेली. मुलगी अंगावर पिणारी, पण प्रवासात हाल नकोत म्हणून भाऊंजवळ ठेवली. दोन दिवसांचं दूध काढून ठेवलं. आणि त्याच रात्री सीमा बंद. पुढे काय झालं, ते इथल्या बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून कळायचं नाही. लेक बाटलीला लागली. बसायला लागली. रांगायला लागली. वहिनी दर खेपेला कुंपणाशी यायची आणि मला विचारायची, "ताई, दात आला का?" मी इकडे येऊन भाऊंना विचारायची आणि पुढच्या खेपेला उत्तर न्यायची. रिकाम्या विमानातून मी एका बाळाच्या दातांची बातमी वाहत होते. त्याचं भाडं मात्र सरकार भरत होतं, हे मानलं पाहिजे.

अर्ज केले ना. साहेबांकडे केले, मंत्रिमहोदयांच्या कचेरीतही केले. उत्तर आलं, नियम सर्वांना समान.

चिठ्ठी? हो, मिळाली. 'वेळ संपत आली आहे.' माझी की साहेबांची, ते लिहिलेलं नाही. मी आवरतेच. आणि ध्वनिक्षेपकवाले दादा, ते बटण राहू द्या जरा.

तर, नियम सर्वांना समान. त्यानंतरच्याच खेपेला उड्डाणाआधी वरून फोन आला. पलीकडे एक प्रशिक्षणार्थी चढेल, कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव घाला, प्रश्न विचारू नका. आम्ही म्हटलं, विमानं मैदानात गंजतायत, अर्धे कर्मचारी बिनपगारी घरी आहेत, आणि या वेळी प्रशिक्षण कसलं? पण विचारायचं नाही म्हणजे नाही. कर्मचाऱ्यांना सीमा उघडी होती ना! प्रशिक्षणार्थीला तर फोटोचा पासही लागत नाही, यादीतलं नाव पुरतं. आली बिचारी. कॉलेजातली मुलगी, अंगावर नवा कोरा गणवेश, स्कार्फ कसा बांधायचा ते माहीत नाही. मी बांधून दिला. सगळ्या रिकाम्या सीटांकडे बघत म्हणाली, "मावशी, बाकीचे लोक कधी चढणार?" मी म्हटलं, "बाळ, बाकीचे नाहीत." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली थोडी. गुणी पोर. तिच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता.

उतरताना आमच्या चिमणीनं घोळ घातला. आता ही चूक जगात फक्त आमच्याच धंद्यातली माणसं करू शकतात. दाराशी उभं राहिलं आणि समोरून कोणी बाहेर पडलं, की आमचं तोंड आपोआप उघडतं. झोपेतसुद्धा म्हणू. चिमणी हसून म्हणाली, "धन्यवाद, काळजी घ्या, पुन्हा या!" स्वतःच्याच सहकाऱ्याला! जिन्याखाली सीमेचा अधिकारी उभा होता. त्यानं ऐकलं. तो हसला, पुढे झाला आणि पोरीची बॅग उचलून गाडीपर्यंत घेऊन गेला. मोठी गाडी होती. थेट विमानापाशी आलेली.

घरी परतताना कॅप्टनकाका मला म्हणाले, "बघितलंस? नियम मोडत नाही. वाकतो. फक्त कोणाचा हात लागतो ते बघायचं." आणि पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच्या अक्षरात यादीत वहिनीचं नाव लिहिलं. प्रशिक्षणार्थी म्हणून. चौकशीत त्यांनी सांगितलंय की सगळं एकट्यानं केलं, बाकीच्यांना काही माहीत नव्हतं. अहो, पुरुषमाणूस बायकांच्या गणवेशाला टाचण्या लावेल का? गणवेश माझा होता. माझ्या मापाचा, वहिनी वाळून काटकी झालेली, आठ ठिकाणी टाचण्या लावल्या. काका खोटं बोलले, आम्हाला वाचवायला. मी आज इथं खरं बोलतेय. साहेब, लिहून घ्यायचं तर घ्या.

वहिनी सगळ्या वाटेत एकदाही पाठ टेकून बसली नाही. उतरलो. भाऊंनी बस अगदी जवळ लावली होती आणि लेकीला काचेशी उभं धरलं होतं. वहिनी दारापाशी आली. तिला लेक दिसली. आणि आमची चिमणी, देव तिचं भलं करो, म्हणाली, "धन्यवाद, काळजी घ्या, पुन्हा या."

तोच अधिकारी. तोच जिना. तीच चूक. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "ही तुमचीच आहे ना? मग पुन्हा या कशाला म्हणता?" बॅगेला हात लावायचं सोडा, त्यानं वहिनीला जिन्याच्या दुसऱ्या पायरीच्या खाली उतरू दिलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकलं होतं. ते एकाच जिन्यावर बघायला मिळालं. त्याच विमानातून वहिनीला परत नेली. मी तिच्या शेजारी बसले. सगळं विमान मोकळं होतं, मंत्रिमहोदय. तुमचा मार्ग चालू दिसत होता.

सीमा उघडली तेव्हा वहिनी आली. लेक चालत होती. आईला बघून बापाच्या पायामागे लपली. अजूनही रात्री बापच लागतो तिला.

आणि शिक्षा कोणाला? चिमणीला काढली. रडून रडून अर्धी झाली पोर, माझ्यामुळे झालं म्हणून. अगं, तुझ्यामुळे काय, तू तर दोघींना सारखंच वागवलंस! तेवढ्या साथीत तेवढी एकटी तूच. सहवैमानिकांना त्या दिवसांचं काही आठवत नाही, आणि त्यांना बढती मिळाली. आठवण जाण्याचा इतका फायदा होतो हे माहीत असतं, तर मीही काही विसरले असते. काकांना घरी बसवलं. आणि कंपनीनं आरोपपत्रात म्हटलंय की असा प्रकार कंपनीच्या इतिहासात यापूर्वी कधीही घडलेला नाही. त्याखाली साहेबांची सही आहे. ठसठशीत.

सोमवारी सगळं या एका वाक्यावर ठरणार आहे. आधी घडलं असेल, वरच्या हुकमानं घडलं असेल, तर काकांनी कंपनीचीच पद्धत पाळली. नसेल घडलं, तर काका गुन्हेगार. मी साक्षीला जाणारच आहे. पण काकांचा वकील मला आधीच म्हणाला, "ताई, तुम्ही निवृत्तीला आलेल्या, चिडलेल्या, तुमचं कोण ऐकणार?" आणि खरं आहे. साहेबांची सही एकीकडे आणि माझे गुडघे एकीकडे.

म्हणून मी कोणाचं नाव घेणार नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात, एवढ्या प्रतिष्ठित मंडळींत, मी फक्त विचारते. त्या आधीच्या खेपेला त्या विमानात होतं, असं इथं कोणी आहे का?

नाही?

मी थांबते जरा. पाच मिनिटं माझी झालीत, ही एक कंपनीची धरा. कंपनीनं पुष्कळ घेतलंय, एक मिनिट देईल.

साहेब, तुम्ही वाकून बघू नका. मान दुखेल. बाईसाहेब, तिचा हात सोडा, उभी राहतेय ती.

बोल, बाळ. घाबरू नकोस. ध्वनिक्षेपक नको, मला ऐकू येतंय. काय म्हणालीस?

मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून सांगते. ती विचारतेय, "मावशी, सोमवारी किती वाजता?"

अकरा वाजता, बाळ. मुख्य कचेरी, दुसरा मजला. मी खालीच उभी असेन, आपण बरोबर वर जाऊ.

मंडळी, गोड बोलायला सांगितलं होतं ते राहूनच गेलं, ते आता बोलते आणि मनापासून बोलते. साहेब, लेक तुम्ही फार चांगली वाढवलीत. एवढी नोकरी झाली, तुमच्याविषयी असं काही म्हणायची ही पहिलीच वेळ, आणि मला खरंच आनंद होतोय.

आयोजकांनी संधी दिली, त्यांचे आभार. पुढच्या वेळी देणार नाहीत, म्हणून जरा जास्तच आभार. ध्वनिक्षेपकवाल्या दादांनी बटण फिरवलं नाही, त्यांचेही. बोलण्याच्या भरात उणं-अधिक काही निघून गेलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनीही सोमवारी यावं. तिथं सगळं लिहून घेतात. नमस्कार.