पुढच्या कामाची खूण

मी, शिवणवाल्या काकू, वय ५८, धंदा शिवणकाम, राहणार बेकरीमागची गल्ली, समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. पतीचे वय सदुसष्ट. ते काँक्रीटचे काम करीत. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडतो. भाजी आणायला म्हणून निघतात आणि औषधांच्या दुकानात जाऊन बसतात.

आमच्या भागातले बरेचसे फूटपाथ त्यांच्या हातचे आहेत. दिवसाचे काम संपले की काँक्रीट ओले असतानाच कोपऱ्यात थापीच्या टोकाने ते खूण काढीत. एक लांब रेघ आणि तिच्या टोकाला दोन आखूड, बाणासारखी. संध्याकाळी आम्ही फिरायला जातो तेव्हा प्रत्येक खुणेपाशी वाकून ते तिच्यावरून बोट फिरवतात. माझ्या गुडघ्यांचे हाल होतात, पण जेवलो की नाही हे विसरणारा माणूस खूण विसरत नाही, याचे मला कौतुक होते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या खुणांची टोके घराकडे आहेत. म्हणून मी त्यांना पढवून ठेवले होते, "कुठे चुकलात तर खूण धरून चाला, घरी याल."

आज दुपारी गणवेशाचे माप द्यायला गिऱ्हाईक आले. माप घेऊन वळले तर दारातली खुर्ची रिकामी होती. बेकरीवाल्याने त्यांना चौकाकडे जाताना पाहिले होते. मी चौकातून पुढे खुणा बघत गेले. चौकापलीकडे खुणांची टोके घराकडे नाहीत, उलट्या दिशेला आहेत, हे मला आजच दिसले. इतकी वर्षे त्याच रस्त्याने चालते, पण डोळे असून आंधळी.

पाण्याच्या टाकीमागे नव्या फूटपाथचे काम चालू आहे. तिथे ओल्या काँक्रीटमध्ये तीच खूण दिसली. तिथला मिस्त्री म्हणाला, "आजोबा आले, माझ्या हातातली थापी घेतली आणि कोपरा असा साफ केला की मी बघतच राहिलो. आम्ही चहा घेऊन आलो तर आजोबा नाहीत आणि थापीही नाही."

खुणेचे टोक घराकडे का नाही, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "काकू, ती घराकडे कशी असेल? दुसऱ्या दिवशी काम कुठल्या बाजूला धरायचं, ते सांगते ती. आमच्यात सगळे तशीच काढतात."

ओल्या खुणेचे टोक हमरस्त्याकडे आहे. तिथे ट्रक भरधाव जातात. मी कडेकडेने पुलापर्यंत जाऊन आले. अंधार पडू लागला म्हणून इकडे पोलीस चौकीत आले. मला फार भीती वाटते आहे. खूण धरून चाला, असे मीच त्यांना सांगितले होते.

अंगात निळा सदरा, मीच शिवलेला. डाव्या अंगठ्याला नख नाही. हातात थापी असेल, ती काढून घेऊ नये. नावाने हाक मारली तर ओ देतीलच असे नाही.

सापडल्यावर बायको वाट बघते आहे, असे त्यांना सांगू नये. हल्ली ते मला, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" असे विचारतात. मुकादमाने बोलावले आहे म्हणावे, लगेच निघतील.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे.